कांद्याच्या चाळीतला थर्मामीटर

अंबडच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्विच तपासायचं काम केलं. घराघरांत भिंतीवर बसतात ते साधे स्विच. मशीनवर शेकडो वेळा चालू-बंद करायचे, कुठला अडकतो, कुठला तापतो ते बघायचं आणि का ते शोधायचं. काम मला आवडायचं. पुढे आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं. तिकडे येता का, असं मला विचारलं होतं, पण मुलगी दहावीत होती आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मी नाही म्हटलं आणि घरी बसले.

काही महिन्यांनी कारखान्यातल्याच एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. नाशिकमधली एक छोटी संस्था जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देते, त्यांना इंजिनिअर हवा आहे. मुलांकडून हाताने प्रकल्प करून घ्यायचे, विज्ञान, गणित आणि थोडं तंत्रज्ञान एकत्र. संस्थेतले लोक त्याला ‘स्टेम’ म्हणत. मी म्हटलं, मला शिकवता येत नाही. ती म्हणाली, "अगं, पोरांना नाही शिकवायचंय. शिक्षकांना शिकवायचंय." जणू ते सोपं असतं.

पहिलं प्रशिक्षण पंचवटीतल्या एका शाळेच्या सभागृहात झालं. चांदवड, निफाड, नांदगाव, पेठ असे ठिकठिकाणचे शिक्षक आले होते. अशा प्रशिक्षणांत नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, हे मला तिथेच कळलं. माणूस आपल्या गावानं ओळखला जातो. मनमाडचे सर, पेठचे गुरुजी, चांदवडच्या बाई. मी संस्थेच्या मॅडम.

आम्ही प्रत्येक शाळेसाठी एक खोका तयार केला होता. त्यात छोटी मोटर, वायरी, बॅटरीचं घर, लहान दिवे, चाकं. सगळ्यांनी गट करून गाड्या बनवल्या. गाड्या पळाल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि जेवणाच्या सुट्टीत ते ग्रुपवर गेलेसुद्धा. शेवटी अभिप्राय लिहून घेतले. जवळजवळ सगळ्यांनी ‘अतिशय उपयुक्त’ असं लिहिलं होतं. मी खुशीत घरी गेले.

थंडी सरता सरता मी शाळा बघायला निघाले. पहिल्याच शाळेत खोका कपाटात होता. दुसऱ्या शाळेतही. तिसऱ्या ठिकाणी तर मुख्याध्यापकांना तो कुठे ठेवलाय तेच आठवेना. चांदवडच्या बाईंची शाळा हमरस्त्यापासून थोडी आत, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं असलेल्या रस्त्यावर होती. तिथेही खोका कपाटाच्या वरच्या फळीवर होता, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

मुख्याध्यापक सज्जन माणूस होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाले, "मॅडम, वस्तू शाळेची. पोरांच्या हातात दिली आणि तुटली-फुटली, तर वर उत्तर कोण देणार? म्हणून म्हटलं, राहू दे सुरक्षित."

बाई दारात उभ्या होत्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कडक इस्त्रीची सुती साडी. त्या म्हणाल्या, "चला, माझा तास आहे. बसा मागं."

सातवीचा वर्ग होता. बाष्पीभवनाचा प्रयोग शिकवायचा होता. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहायला लागल्या. साहित्य. कृती. निरीक्षण. निष्कर्ष. अक्षर असं की छापलेलं वाटावं. मुलं मान खाली घालून उतरवून घेत होती. बशीतलं पाणी कमी झाल्याचं दिसलं, असं निरीक्षणात लिहिलं गेलं. बशीही नव्हती आणि पाणीही नव्हतं.

तास संपल्यावर आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो. मी काही विचारायच्या आत बाईच म्हणाल्या, "तुमच्या मनात काय आलंय ते मला कळतंय."

"तसं नाही बाई."

"तसंच आहे. मी मराठीची बाई. व्याकरण विचारा, कविता विचारा. विज्ञानाच्या सरांची बदली झाली, नवीन कुणी आलंच नाही, म्हणून विज्ञान माझ्याकडं आलं." त्यांनी कप खाली ठेवला. "मी शिकत होते तेव्हा शाळेत प्रयोगाचं सामान एकच असायचं. पोरं टेबलाभोवती, आम्ही पोरी त्यांच्या मागं. पाठी दिसायच्या त्यांच्या. पुढं डी.एड.ला गेले, तिथं आधीच्या वर्षाच्या वहीवरून उतरवून काढायचं. तुमच्या त्या प्रशिक्षणात मी एकदाही वायरला हात लावला नाही. गटात मी लिहायचं काम घेतलं. अक्षर चांगलं आहे ना, सगळ्यांना बरंच वाटलं."

मी त्या दिवशी सभागृहभर फिरत होते. प्रत्येक टेबलापाशी थांबत होते. तरी मला हे दिसलं नव्हतं.

"भीती कशाची वाटते?" मी विचारलं. "शॉकची?"

"शॉकची नाही हो." त्या हसल्या. "दिवा लागला नाही तर काय, याची. पुस्तकात लिहिलंय की लागतो. आणि बाईंचा लागत नाही. चाळीस पोरं बघत असतात."

परत येताना पिंपळगावच्या अलीकडे कांद्याच्या आणि द्राक्षाच्या टेम्पोंची रांग लागली होती. गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि मी बाईंच्या बोलण्याचा विचार करत होते. कारखान्यात मी जे काही शिकले ते बिघडलेल्या स्विचांकडून. चांगला स्विच हातात घेतला तर त्याला काय विचारणार? तो चालतो. बिघडलेला उघडावा लागतो. आणि या शिक्षकांना मी काय दिलं होतं? शंभर टक्के चालणारी गाडी. ती जिथे चालणार नाही, तिथे काय करायचं ते मी त्यांना दाखवलंच नव्हतं. मग त्यांनी खोके उघडले नाहीत, यात नवल ते काय.

पुढच्या प्रशिक्षणाला मी खोके नेले नाहीत. त्याऐवजी प्रत्येक टेबलावर मुद्दाम बिघडवून ठेवलेली जोडणी मांडली. कुठे दोनपैकी एक सेल उलटा, कुठे वायर आतून तुटलेली, कुठे दिवाच गेलेला. संस्थेचे प्रमुख जरा नाराज होते. "एकही दिवा लागलेला नाही, फोटो कसले काढायचे?" असं म्हणाले. आणखी एक नियम मी केला. जे नेहमी लिहितात त्यांनी हातानं करायचं. जे नेहमी करतात त्यांनी हात मागे बांधून बसायचं, फक्त बोलायचं.

पक्कड चांदवडच्या बाईंच्या हातात आली. त्यांच्या गटात मनमाडचे सर होते, रेल्वेत फिटर असलेल्या वडिलांचा मुलगा, घरचं सगळं वायरिंग स्वतः करणारे. त्यांना बसवत नव्हतं. बाई वायरी एकेक करून बघत होत्या, पुन्हा लावत होत्या, दिवा लागत नव्हता. सरांचा हात आपोआप पुढे आला.

"सर, हात मागं," बाई वर न बघता म्हणाल्या.

सगळं टेबल हसलं. सरही हसले आणि हात मागे घेऊन बसले. बाकीच्या गटांचे दिवे लागले, चहा आला, तरी बाई तिथेच. शेवटी त्यांना सापडलं. वायरचं प्लॅस्टिक न सोलताच कुणीतरी, म्हणजे मीच, ती स्क्रूखाली आवळली होती. तांब्याला तांबं लागतच नव्हतं. त्यांनी टोक सोललं, आवळलं, दिवा लागला.

नंतर त्यांनी जे केलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं. त्यांनी लागलेला दिवा पुन्हा विझवला. स्क्रू सैल करून प्लॅस्टिकचाच भाग खाली दाबला, दिवा लागत नाही हे बघितलं आणि मग पुन्हा नीट लावला. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाल्या, "त्याच्यामुळंच लागत नव्हता का, का दुसऱ्याच कशानं, ते नको का बघायला?" कारखान्यात नवीन आलेल्या मुलांना ही एवढी गोष्ट समजवायला माझा महिना जायचा.

दुपारी सगळ्यांना एकच काम दिलं. आपल्या गावातली अशी एक गोष्ट सांगा, जी मुलं रोज बघतात आणि तिचं कारण तुम्हालाही नक्की माहीत नाही. त्यावर वर्षभराचा प्रकल्प करायचा.

"आमच्याकडं दुसरा विषयच नाही," बाई म्हणाल्या. "कांदा. उन्हाळ कांदा साठवायला चाळीत भरतात, वरून चांगला दिसतो आणि मधूनच सडतो. कडेचा का नाही सडत?"

मला एकदम हुरूप आला. मी सेन्सरचं बोलायला लागले, मोबाईलवर आकडे येतील, आलेख निघेल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चाळीत वीज नसते मॅडम. आणि ते यंत्र बिघडलं तर मी परत तुमची वाट बघत बसणार. साधे थर्मामीटर मिळतील का, काचेचे?"

जूनमध्ये शाळा उघडल्या. बाईंच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरची चाळ शाळेपासून चालत जाण्यासारखी होती. लांबट, सिमेंटच्या पत्र्यांची, बाजूंना पट्ट्या ठोकलेली, वारा जावा म्हणून जमिनीपासून उचललेली. आत कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात छातीपर्यंत कांदा. मुलीचे वडील मोजकं बोलणारे होते. सुरुवातीला ते म्हणाले, "बाई, पोरांनी चाळीत खेळायचं नाय. कांद्याला मार लागला की तो टिकत नाय."

"खेळणार नाहीत. चौघं-चौघंच येतील. कांद्याला हात लावणार नाहीत."

त्यांनी थोडा विचार केला आणि शेवटी स्वतःच भोकं पाडलेले पीव्हीसीचे पाईप कप्प्यांच्या मधोमध रोवून दिले. मुलांनी त्या पाईपांतून दोरीला बांधलेले थर्मामीटर आत सोडायचे, थोड्या वेळानं वर ओढायचे आणि आकडा वाचायचा, असं ठरलं.

बाईंनी मला बोलावलं तेव्हा आठवडाभर मोजणी झाली होती आणि वर्गात भांडणं चालू होती. एकाच पाईपातला एकच थर्मामीटर, तीन मुलांनी वाचला तर तीन आकडे. एक म्हणे चौतीस, दुसरा म्हणे बत्तीस, तिसरीला तर एकतीसच दिसायचं. आम्ही चाळीत गेलो. मुलीनं दोरी ओढली, थर्मामीटर बाहेर आला, वाऱ्याची झुळूक लागली आणि लाल रेघ आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरायला लागली.

मला उत्तर माहीत होतं. अशा मोजमापाशी माझी रोजची ओळख होती. शिवाय लांब तारेचा एक डिजिटल थर्मामीटर माझ्या पर्समध्येच होता. मी पर्सची चेन उघडली आणि म्हणाले, "हे बघा मुलांनो, यात काय होतंय..."

बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "मॅडम, जरा थांबा. बघू द्या त्यांना."

मी चेन बंद केली. खरं सांगायचं तर मला जरा लागलं. प्रशिक्षण मी दिलं होतं आणि आता मलाच थांबवलं जात होतं. पण बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या मुलांना विचारत होत्या, "आत किती आहे ते आपल्याला पाहिजे. बाहेर काढला की उतरतो. मग काय करायचं?"

"पळत वाचायचं," एक मुलगा म्हणाला.

"किती पळशील?"

मुलं आळीपाळीनं दोरी ओढून बघत राहिली. माझा हात पुन्हा पर्सकडे जात होता. मी पत्र्याकडे बघत राहिले. मग ज्या मुलीची चाळ होती ती म्हणाली, "बाई, आई वावरात भाकरी नेती ती फडक्यात गुंडाळून नेती. लवकर गार व्हत नाय. ह्यालाबी गुंडाळू या का?"

"बघू या," बाई म्हणाल्या. "गुंडाळा."

त्यांनी थर्मामीटरच्या टोकाला जुन्या साडीचं फडकं गुंडाळलं. मी नाशिकला परत आले. चार-पाच दिवसांनी बाईंचा फोन आला. फडक्याचा उपाय फसला होता. पहिल्या दिवशी छान चाललं, पण पुढे पावसाळी हवेनं फडकं दमट व्हायला लागलं आणि ओलं फडकं बाहेर काढलं की रेघ आणखीच भरभर उतरायची. का, हे मुलांनी विचारल्यावर बाईंना तेच बाष्पीभवन आठवलं. त्या दिवशी त्यांनी वर्गात सगळ्यांचा एकेक हात ओला करवला आणि सगळ्यांना फुंकर घालायला लावली.

"मग आता?" मी विचारलं. उत्तर जिभेवर होतं, पण मी ते गिळलं.

"मेण," बाई म्हणाल्या. "एक पोरगा म्हणाला, ओलं होणार नाही असं काहीतरी पाहिजे. मग मेणबत्त्या वितळवल्या. मीच वितळवल्या, पोरांना लांब उभं केलं होतं. टोक बुडवून बुडवून बोराएवढा गोळा केला. आता बाहेर काढून निवांत वाचलं तरी आकडा हलत नाही. पण आत बराच वेळ ठेवावा लागतो. हे बरोबर आहे का मॅडम?"

बरोबर होतं. मातीत, धान्यात तापमान बघणारे लोक असंच करतात, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरांनी शोधलं ते खरंच असतं." ते वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

श्रावणात मात्र गोष्ट बिघडली. पश्चिमेकडच्या टोकाच्या कप्प्यात आकडा इतरांपेक्षा वर दिसायला लागला. मुलीनं घरी सांगितलं की आत सडायला लागलंय. वडिलांनी मजूर लावून सगळा कप्पा बाहेर काढला. कांदा ठणठणीत. वर-खाली होऊन त्याची सालं निघाली, काहींना मार लागला आणि एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकांबरोबर थेट वर्गात आले.

मी तिथे नव्हते; काय झालं ते मला बाईंनी सांगितलं आणि नंतर मुख्याध्यापकांनीही तसंच सांगितलं. वडील आवाज न चढवता म्हणाले, "बाई, पोरांच्या आकड्यावर मी कप्पा मोकळा केला."

बाई उभ्या राहिल्या. "चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "का चुकलं ते मला आत्ता माहीत नाही. एक आठवडा द्या. पोरं शोधतील. नाही सापडलं तर पाईप काढून घ्या."

मुख्याध्यापक मध्ये पडले, प्रकल्प आता पुरे, असं म्हणाले. पण वडिलांनीच मान हलवली. "आठवडा घ्या. पाईप हायेत तिथंच राहू द्या."

मी बाईंना विचारलं, वर्गात सगळ्यांसमोर हे सांगताना कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "पळून जावंसं वाटत होतं. पण पोरं रडकुंडीला आली होती हो. मीच घाबरले असते तर त्यांनी काय करायचं? मी फळ्यावर लिहिलं, ‘आपला आकडा चुकला. का?’ आणि खाली बसले."

कारण मुलांनी दोन दिवसांतच काढलं. बाकीचे कप्पे प्रार्थनेआधी सकाळी मोजले जात होते. टोकाच्या कप्प्याचा गट मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर जायचा, तेव्हा त्या बाजूच्या पत्र्यावर आणि पट्ट्यांवर ऊन आलेलं असायचं. आकडा खोटा नव्हता, पण त्याची इतरांशी तुलना करण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून सगळ्यांनी सकाळीच मोजायचं ठरलं. आणि एका दिवसाचा आकडा बघून काही बोलायचं नाही, चार दिवस तो कुठे चाललाय ते बघायचं. हे नियम मुलांनी स्वतः केले. बाईंचा फोन आला तो मला विचारायला नव्हता, सांगायला होता. आमच्या बोलण्यातला तो पहिलाच असा फोन.

भाद्रपदात पाऊस लागून राहिला. त्या दिवसांत मधल्या एका कप्प्याचा आकडा रोज थोडाथोडा चढायला लागला. शेजारचे दोन्ही कप्पे जागच्या जागी होते. मुलगी घरी सांगायला तयार होईना. एकदा हात पोळला होता. शेवटी बाई शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर चालत गेल्या. योगायोगानं मीही त्या दिवशी तिकडे होते, म्हणून गेले.

वडिलांनी आधी वास घेतला. खाली वाकून पट्ट्यांमधून पाणी गळतंय का ते बघितलं. काहीच नव्हतं. मग त्यांनी मुलीला विचारलं, "किती दिस झाले चढतंय?"

"पाचवा दिस. रोज सकाळचंच मोजलं."

"शेजारचं?"

"शेजारचं हाय तेवढंच हाय."

ते उभे राहिले, टोपी मागे सरकवली आणि कांदा भरायची पाटी मागवली. या वेळी सगळा कप्पा काढला नाही. पाईपाजवळचा कांदा वरून हलक्या हातानं उचलत गेले. कमरेएवढं खाली गेल्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी एक कांदा वर काढला, तो बोटांखाली दबत होता. आणखी थोडं खाली ओलसर, काळपट पट्टा लागला, सूप भरेल एवढा. त्याच्याभोवतीचा कांदा अजून टणक होता. वास आता आला.

वडील बाजूला काढत राहिले, मुलगी पाटी धरून उभी राहिली. अंधार पडायच्या आत सडका कांदा बाहेर गेला. उरलेला त्यांनी निवडला आणि त्याच आठवड्यात बाजारात पाठवला. निघताना ते बाईंना एवढंच म्हणाले, "ह्या टायमाला बराबर निघालं."

परत येताना शाळेच्या फाटकापाशी बाईंनी पदरानं चष्मा पुसला.

पुढच्या वर्षी चाळ भरताना त्या गृहस्थांनी प्रत्येक कप्प्यात भरतानाच पाईप घातले आणि मुलीच्या हाती निरोप पाठवला की मेणाचे थर्मामीटर आणखी करून ठेवा. शेजारच्या दोघांनीही मागितले. खोका तोवर कपाटातून खाली आला होता. मुलं त्यातल्या मोटरला पंखा लावून पाईपातून हवा खेचता येते का ते बघत होती. एक मोटर जळाली. मुख्याध्यापक आले, जळलेली मोटर बघितली आणि आत काय असतं ते उघडून दाखवा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून बाईंना हसू आवरेना.

यंदा पेठच्या बाजूला प्रशिक्षण ठरलं तेव्हा मी बाईंना म्हटलं, या वेळी तुम्ही शिकवायचं. त्या नको म्हणाल्या. मी मराठीची बाई, मला पेठमधलं काय कळतं, अशी कारणं सांगितली. दोन दिवसांनी स्वतःच फोन केला, "गाडी कुठून सुटते?"

तिथल्या शिक्षकांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी टोकाच्या कप्प्याची गोष्ट सांगितली, चुकलेली. सगळी, न वगळता. पळून जावंसं वाटलं तेही सांगितलं. मी मागच्या बाकावर बसले होते. बाईंच्या मागे फळा होता आणि त्यावर त्यांनी काहीही लिहिलेलं नव्हतं.

एक तरुण शिक्षक म्हणाला, "बाई, हे तुमच्याकडं ठीक आहे. आमच्याकडं कांदा नाही. भात, नागली, आणि दिवाळीनंतर अर्ध्या मुलांचे आईबाप मजुरीला बाहेर."

"मग तुम्हाला काय कोडं पडलंय ते सांगा," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या गावातलं काही माहीत नाही. तुम्हीच सांगा."

थोडी कुजबुज झाली. मग त्याच शिक्षकानं सांगितलं. प्रशिक्षण चालू होतं त्या त्याच्याच शाळेच्या पलीकडच्या उतारावर एक झरा आहे, उन्हाळ्यातही तो आटत नाही. शाळेच्या परसबागेसाठी मुली तिथून हंड्यानं पाणी आणतात. पाईप टाकला तर पाणी आपोआप येईल, असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात, झराच शाळेपेक्षा खाली आहे. मध्ये घळ आहे, त्यामुळे डोळ्यांनी बघून काही सांगता येत नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतात, दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीला स्थिर झालं की त्यावरून भिंतींची पातळी बघतात, तेवढं मी सांगितलं, जास्त काही नाही. बाजारातून नळी आणली. एवढ्या अंतराला ती पुरणार नव्हती, म्हणून टप्प्याटप्प्यानं जायचं ठरलं. बांबूवर खुणा करायच्या, एक टोक पुढे न्यायचं, पुन्हा खूण करायची. नळीत बुडबुडे राहिले तर सगळं चुकतं, हे त्यांना पहिल्याच टप्प्याला कळलं आणि नळी पुन्हा भरावी लागली.

दुपारभर ते सगळे शिक्षक चपला चिखलात रुतवत घळीत उतरत-चढत होते. मला मदतीला कुणी बोलावलं नाही. चांदवडच्या बाई साडी खोचून नळीचं एक टोक छातीशी धरून उभ्या होत्या आणि समोरच्या उतारावरून तो तरुण शिक्षक विचारत होता, "स्थिर झालं का?"

"अजून हलतंय. घाई नको."

उन्हं उतरली तेव्हा शेवटची खूण झाली. बेरीज-वजाबाकी करून पाहिली तर झरा शाळेच्या अंगणापेक्षा हातभर वर निघाला. तरुण शिक्षक खूण बघत म्हणाला, "म्हणजे पाणी येईल."

"येईल असं दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण आपण पहिल्यांदाच मोजलंय. सोमवारी मुलींना मोजू द्या. त्यांचं काय निघतं बघू."

त्यांनी नळीतलं पाणी काढलं, नळीची गुंडाळी केली आणि त्याच्या हातात दिली.